पहिला पेला

लढाईच्या दिवसांत मुंबईच्या मेडिकल कॉलेजातले एक डॉक्टर आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन उत्तन गावात रोगी तपासायला यायचे. पेट्रोल मिळत नसे, म्हणून भाईंदरहून बैलगाडीने. डोक्यावर सोला हॅट, बोटांत तपकिरीची चिमूट, आणि सरांची शिंक संपेपर्यंत शिकवणं बंद! मी तिथला शाळामास्तर. हे नाटक मी फुकटात बघायचो.

एकदा ते एका लग्नालाच आले. नवरीच्या बापाने त्यांच्या सांगण्यावरून दारू सोडली होती. पण रीत अशी, की दारूचा पहिला पेला बापाने प्यायचा, मगच पाहुण्यांनी. बिचारा मांडवात घामाघूम बसला होता.

डॉक्टर विद्यार्थ्यांकडे वळले. "बोला वैद्यराज, उपाय?"

एक विद्यार्थी म्हणाला, "सर, त्याला घरात कोंडू."

"शाबास! मग बाप म्हणून तुम्ही बसणार?"

एक जंगी शिंक देऊन डॉक्टर थेट पेले भरणाऱ्या म्हातारीकडे, नवरीच्या आजीकडे गेले.

"आजी, पहिल्या पेल्यात काय भरायचं, कोण ठरवतं?"

"मीच. दुसरं कोन हाय?"

"मग आज शहाळ्याचं पाणी भराल? तुमचा मुलगा घाबरलाय."

"येवढंच? मंग आदी का न्हाय सांगितलं, मेल्या?"

बापाने तो पेला एका दमात रिकामा केला आणि मांडवात बँड वाजू लागला. विद्यार्थी आशेने दारूच्या बुधल्याकडे सरकले.

"तिकडे कुठे?" डॉक्टर म्हणाले. "त्याच्या शेजारी बसा. तो पिईल तेच प्यायचं. आजचा धडा हाच."

सगळे वैद्यराज शहाळं पीत बसले, आणि त्यांच्या मधोमध नवरीचा बाप खुशीत हसत होता.

मी त्यांचा विद्यार्थी नव्हतो. मी जरा लांब, बुधल्याजवळ बसलो.