दाजींनी भरती केलेलं मशीन

आमच्या दाजींच्या घरातली एकही वस्तू विकत घेतलेली नाही. प्रत्येक वस्तू रीतसर भरती झालेली आहे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. उमेदीची वर्षं फौजेत काढून ते साताऱ्याजवळच्या आपल्या गावी ऊस लावायला परतले, पण भरतीच्या मैदानात पोरांच्या छात्या मोजणारी ती नजर काही त्यांनी फौजेत जमा केली नाही. मिक्सर घ्यायचा होता तेव्हा ते खिशात सुक्या मिरच्या आणि लसूण घेऊन दुकानात गेले आणि तिथेच चटणी वाटायला लावली. दुकानदार शिंकत रस्त्यावर, गिऱ्हाइकं डोळे पुसत त्याच्यामागे, आणि दाजी एकटेच आत, बोटावर चटणी घेऊन चाखत उभे. "आवाज लय, काम कमी," असा निकाल देऊन, चटणी दुकानदाराच्या डब्यासाठी ठेवून ते निघून आले. पलंग घेताना तर ते दुकानातच दुपारभर झोपले. इतके गाढ, की मालकाने त्यांच्या अंगावर चादर घातली आणि बाकीच्या गिऱ्हाइकांना हळू बोलायला सांगितलं. तो पलंग पास झाला. टीव्ही घेण्याआधी, तसला टीव्ही वाईत कुणाकडे आहे एवढं दुकानदाराकडून काढून घेऊन, त्या अनोळखी माणसाच्या घरी ते गेले आणि चहा पिता पिता त्यांनी विचारलं, "सोभावाला कसा हाय?"

मी याच्या अगदी उलट. काय हवं ते कागदावर मांडायचं, दोन दुकानं बघायची, घ्यायचं आणि पुढच्या कामाला लागायचं. नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा सांगलीतली मी टायपिंग करायची ती कचेरी बंद पडली. घरात दोन मुलं कॉलेजात. सुदैवाने मिरजेच्या एका डॉक्टरांनी त्यांच्या दवाखान्याचं कागदकाम मला द्यायचं कबूल केलं. रिपोर्ट टाइप करायचे, झेरॉक्स काढायच्या, पुण्या-मुंबईला फॅक्स करायचे. अट एकच होती. महिनाअखेरपर्यंत ही सगळी सोय माझ्या घरी हवी, नाहीतर काम स्टेशनजवळच्या दुकानाला जाणार. कॉम्प्युटर माझ्याकडे होता. प्रिंटर, झेरॉक्स, स्कॅनर आणि फॅक्स एकाच डब्यात असलेलं मशीन बाजारात नुकतंच आलं होतं. मी रंगीत छपाईचं, शाईवर चालणारं, सुबक असं एक ठरवूनही टाकलं, आणि फोनवर ताईला सांगून बसले. दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या एस.टी.ने दाजी दारात. हातात कापडी पिशवी.

"आगं सुमन, मशीन घेतीयास आन् आमाला पत्ता न्हाई? बघायला नको व्हय?"

"दाजी, बघितलंय मी. आज फक्त पैसे भरायचेत."

"तू बघितलंस. आमी कुटं बघितलंय?"

दुकानात टाय लावलेला एक तरतरीत तरुण होता. त्याने हात जोडून सुरुवात केली, "काका, हे एकटं चार मशीनची कामं करतं."

दाजींनी मशीनभोवती एक चक्कर मारली. "एकटंच? आन् एक काम आजारी पडलं, तर बाकीची तीन बी रजेवर जात्यात का?"

तरुण म्हणाला, "म्हणजे... दुरुस्तीला न्यावं लागलं तर सगळंच जाईल."

"बघ. आमच्या पलटणीत एक गडी हुता. सैपाकी त्योच, न्हावी त्योच, बँडात पिपाणी वाजवायचा त्योच. साहेब लय खूश, तीन मान्सांचं काम एक गडी करतुया म्हनून. एक दिस त्याचा हात मोडला. आठवडाभर आमी उपाशी, दाढी वाढल्याली, आन् परेड बिनपिपाणीची." तरुण हसला, मीही हसले. दाजी हसले नाहीत. त्यांनी पिशवी उघडली होती.

पिशवीतून जुना सातबारा निघाला, पुतण्याची लग्नपत्रिका निघाली आणि पलटणीचा एक पिवळा पडलेला ग्रुप फोटो निघाला. फोटोची कॉपी डोळ्यांजवळ धरून दाजी म्हणाले, "माझ्या शेजारचा हवालदार दिसत न्हाई." तरुणाने मूळ फोटो नीट बघून सांगितलं की तो हवालदार मूळ फोटोतही दिसत नाही. "आसंल. त्यो तसाच हुता, फोटूच्या येळी हालायचा," एवढं दाजींनी कबूल केलं. मग पत्रिकेची कॉपी काढायला लावली आणि खिशातली पुडी सोडून, बोट ओलं करून तिच्या चारी कोपऱ्यांना हळदीकुंकू लावलं. पहिल्याच कोपऱ्यात नवरदेवाचं नाव पाघळून मुलीच्या मामांपर्यंत गेलं.

"काका, यांना पत्रिका नाही छापायच्या, दवाखान्याचे कागद काढायचेत," तरुण काकुळतीने म्हणाला.

"म्हनूनच! जतचा मानूस धोतराच्या कनवटीला रिपोट बांधून, घामानं भिजत मिरजंला येतो. डाक्टरच्या हातात कागद पडंस्तोवर निम्मा आजार पुसल्याला असंल."

माझी सुबक निवड तिथेच नापास झाली. शाईऐवजी पावडरवर चालणारं, रंग नसलेलं, पेटीएवढं बोजड असं दुसरं एक मशीन हळदीकुंकवाला टिकलं, पण तरी दाजींचं समाधान होईना. "इचार करतो," म्हणाले. महिनाअखेर तोंडावर आलेली. रात्री मी जेवले नाही. ते मात्र दोन भाकरी जास्त जेवले.

सकाळी उठून बघते तर दाजी घरात नाहीत. दुपारी डॉक्टरांचा फोन. "अहो, तुमचे कोणी नातेवाईक माझ्या पेशंटांच्या रांगेत बसले होते. नंबर आल्यावर विचारलं, काय होतंय? तर म्हणाले, मला काय धाड भरलीय, तुमचं अक्षर पायजे." काम गेलंच, असं मी धरून चालले. डॉक्टर पुढे म्हणाले, "म्हणाले, तुमचं अक्षर मशीनला झेपतंय का बघायचंय, चार ओळी लिवा. त्यांच्यामागे खोलीभर पेशंट, आणि सगळे हसतायत." फोनवर तेही हसू आवरत होते. "मशीन शोधायला अजून आठवडा घ्या. कागदांची इतकी काळजी करणारं माणूस घरात असेल तर मला घाई नाही."

डॉक्टरांचं अक्षर त्या बोजड मशीनला झेपलं. म्हणजे मुळात जितकं लागत नव्हतं तितकंच कॉपीतही लागत नव्हतं. दाजींनी मशीन पास केलं, स्वतः टेम्पोत त्याच्याशेजारी बसून घरी आणलं, नारळ फोडला. झेरॉक्सचा पहिला गठ्ठा मी मोठ्या दिमाखात मिरजेला पाठवला आणि संध्याकाळी पुन्हा डॉक्टरांचा फोन आला. "प्रत्येक कागदावर वरच्या कोपऱ्यात हे दोन काळे ठिपके कसले? एका पेशंटाचा मुलगा घाबरून विचारतोय, हे वडिलांच्या छातीत आहेत का म्हणून."

मी झाकण उघडलं. काचेवर कोपऱ्यात हळदीकुंकवाची दोन बोटं.

"दाजी, काचेवर का लावलंत?"

"मग कुटं लावायचं? झाकान उगाडलं तर आत कपाळच दिसलं की त्येचं!"

काच पुसून मी सगळा गठ्ठा नव्याने काढला. दाजी तो घेऊन स्वतः मिरजेला गेले, त्या मुलाला गाठून, "तुजा बा ठनठनीत हाय, ते कुकू आमचं," असं सांगून, चहा पाजून परत आले. काम माझ्याकडे राहिलं. मुलांची शिक्षणं त्या मशीनवर झाली.

तेव्हापासून दाजींचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मशीन काय म्हंतंय?" एका पावसाळ्यात काम फार कमी होतं. मी सहज म्हणाले, "जरा गप्पच आहे, दाजी." दुसऱ्या दिवशी ते गुळाची ढेप, अर्धं पोतं तांदूळ आणि ताईने केलेल्या शेवया घेऊन दारात उभे. दोन दिवस राहिले. मशीन होतं त्या खोलीत ते एकदाही गेले नाहीत.

ते मशीन भंगारात जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्याच्यामागून आणखी तीन आली, दुकानात बोट दाखवून आणलेली. दाजींना अलीकडे ऐकू कमी येतं, त्यामुळे ते फोनवर ओरडतात, "मशीन बरं हाय न्हवं?" मीही ओरडून सांगते, "बरं आहे, दाजी! काम भरपूर आहे!" मग फोन ठेवायचा विसरून ते स्वयंपाकघराकडे तोंड करून ताईला हाक देतात, आणि मला इकडे सांगलीत स्पष्ट ऐकू येतं, "आगं ए, सुमन बरी हाय म्हनं."