पत्ता भिवंडीच!

किस्से कोणी ठरवून गोळा करत नाही हो. आमच्या लॅबमध्ये तर एक सांगून संपत नाही तोवर दुसरा तयार!

लॅब म्हणजे भिवंडीतल्या आमच्या कॉलेजच्या मागच्या दोन खोल्या. तिथल्या मालकीणबाई डॉ. रुखसाना मॅडम. घरी आजोबांपासूनचे कापडाचे लूम, आणि या बाई तोंडाच्या कॅन्सरमध्ये कुठला जीन बिघडतो ते शोधत बसलेल्या. मी जवळच्याच शेलार गावची, त्यांच्या हाताखाली पीएचडी करते.

आमच्या संशोधन केंद्राची मान्यता ठेवायची की काढायची, हे विद्यापीठाची समिती ठरवणार होती. त्यात मुख्य बघतात सायटेशन. म्हणजे दुसऱ्या शास्त्रज्ञांनी आपल्या पेपरात तुमच्या कामाचा दाखला किती वेळा दिला ते. "भिवंडीला कोण दाखला देतंय!" असं लोक तोंडावर म्हणायचे. म्हणेनात का!

*

पेशी वाढवायच्या खोलीला 'कल्चर रूम' म्हणतात. तसा बोर्ड लावला. दुसऱ्याच दिवशी गॅदरिंगची पोरं लेझीम घेऊन दारात हजर!

मॅडम तणतणत प्रिन्सिपॉल सरांकडे गेल्या. सर म्हणाले, "अहो, कल्चर म्हणजे सांस्कृतिकच ना? मीच पाठवलं त्यांना. बोर्ड तर तुम्हीच लावलाय!"

मॅडमनी बोर्ड काढला नाही. खाली एक ओळ वाढवली: 'आत पेशी आहेत. त्या नाचत नाहीत.'

*

एकदा बाहेरगावच्या लॅबमधून कॅन्सरच्या पेशी मागवल्या. सुक्या बर्फातलं पार्सल. दोन दिवस झाले तरी पत्ता नाही. शेवटी जवळच्याच दापोड्यात कुरियरच्या एका गोडाऊनमध्ये सापडलं. मी फोन केला.

"मॅडम, टेन्शन नका घेऊ," तिथला माणूस म्हणाला. "वरती सेल लिवलंय ना? बॅटरीच्या रॅकला ठेवलाय. एकदम गरम जागा हाय!"

"अहो, ते थंडीत ठेवायचं असतं!"

"थंडीत सेल डाऊन होतो ना मॅडम!"

मी स्कूटर काढली आणि ट्रकांच्या मधून वाट काढत पार्सल आणलं. बर्फ जेमतेम मूठभर उरलेला. पण त्या पेशी जगल्या! मॅडम म्हणाल्या, "आता कुठे भिवंडीच्या झाल्या."

*

माझं स्थळ आलं होतं. आईला कोणी तरी सांगितलेलं की शास्त्रज्ञांचा एच-इंडेक्स मोजतात, पेपर आणि सायटेशन मिळून येणारा आकडा. माझा होता दोन. नवशिक्या पोरीला तो काही वाईट नाही.

आई चहा देता देता अभिमानानं म्हणाली, "आमचे पोरीचा एच दोन हाय!"

मुलाची आत्या दचकलीच. "दोन? अगो बाय, हिमोग्लोबिन दोन? आनि पोरगी उभी कशी हाय?"

मी समजावायला गेले, पण आत्याबाई पालकाची भाजी आणि खजुरावर घसरल्या होत्या. ते स्थळ गेलं. गेलं तर गेलं! एच वाढवायला मला सासर लागत नाही.

*

हा किस्सा मात्र हसायचा नाही. मुंबईचे एक मोठे सर आमच्याबरोबर पेपर लिहीत होते. तो पेपर चांगल्या जर्नलमध्ये लागला असता तर समितीपुढे मान वर करून बसता आलं असतं. एक दिवस सरांचा फोन आला. स्पीकर चालू होता.

"मॅडम, पत्त्यात भिवंडी नको, मुंबई लिहा. भिवंडी बघून संपादक वाचतही नाहीत. सायटेशन हवीत ना?"

मॅडम म्हणाल्या, "सर, आमच्या लूमवरचं कापड आयुष्यभर दुसऱ्या गावाच्या शिक्क्यानं विकलं गेलं. पेपर नाही जाणार."

"अहो, जरा व्यवहार बघा."

"बघितला. भिवंडीच!"

सर बाजूला झाले. पेपर एका लहान जर्नलमध्ये छापून आला. मी मॅडमवर भयंकर चिडले. केंद्र बंद झालं असतं तर माझी पीएचडी लटकली असती हो! म्हटलं, "एका शब्दासाठी एवढं?"

"शब्द नाही गं तो. घर आहे माझं."



*

मान्यता राहिली, हे आधीच सांगून टाकते. कशी राहिली ते ऐका.

समिती मानकोलीच्या ट्रॅफिकमध्ये अडकून उशिरा पोचली, ती तापूनच. अध्यक्ष कॅन्सरच्या क्षेत्रातलं बडं प्रस्थ. त्यांनी आमच्या दोन खोल्या बघितल्या, चष्मा काढला आणि म्हणाले, "खरं सांगा मॅडम, इथे बसून केलेलं काम सायट कोण करतं?"



"तुम्ही, सर," मॅडम म्हणाल्या.

"मी?"

"तुमच्या नव्या पेपरात. 'मुंबईतल्या एका मोठ्या गटानं हे सिद्ध केलं आहे' असं लिहून भिवंडीचा पत्ता असलेल्या आमच्या पेपरचा दाखला दिलाय. तो गट आम्ही."

अध्यक्षांनी मोबाईल काढला, आपलाच पेपर उघडला, खाली संदर्भांच्या यादीपर्यंत गेले. मग मॅडमकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, रिकाम्या खुर्च्यांकडे बघितलं.

"मोठा गट... एवढाच?"

"नाही हो सर," मॅडम म्हणाल्या. "एक जण तुमच्यासाठी चहा आणायला गेलाय."