म्हसोबाचे एक्केचाळीस दिवस

आमचे आबा, म्हणजे माझे वडील, लोणावळ्याला रेल्वेत रंगारी होते. घाटातल्या लोखंडी पुलांना पहिला हात लाल रंगाचा द्यायचा, हे त्यांचं काम. त्याची पूड जवसाच्या तेलात कालवायची, हात धोतराला पुसायचे आणि भाकरी खायला बसायचं. कुणी हटकलंच तर म्हणत, "आरं, शेंदूर हाय ह्यो. देवाला चालतो, मला चालंना व्हय?" खरंच तो शेंदूरच होता. उरलीसुरली पूड ते घरी आणून गाडग्यात ठेवत आणि गावच्या म्हसोबाला तीच फासत.

दहा-बारा वर्षांनी त्यांचं पोट दुखू लागलं, हिरड्या काळसर पडल्या, मग उजवा हात मनगटातून लुळा पडला. हात पुढे केला की पंजा खाली लोंबायचा. डॉक्टर म्हणाले, पुलाचा रंग अंगात भिनलाय, त्याला पुन्हा शिवला नाहीत तर हात सुधारेल. आबांनी नोकरी सोडली. चार महिन्यांत पंजा थोडा वर येऊ लागला. त्यांनी कांद्याची फोड उचलली त्या दिवशी आई रडली.

आईनं नवस बोलला होता. हात उचलला की एक्केचाळीस दिवस त्याच हातानं म्हसोबाला शेंदूर. गाडग्यात जुनी पूड होतीच. मी तेव्हा चौदा वर्षांची, आणि आगाऊ. म्हटलं, "आई, ह्यो तर पुलाचाच रंग."

"देवाच्या नावानं काढून ठिवलाय, आता पुलाचा कसा ऱ्हाईल?" आई म्हणाली. आबांना पटलं. खरं सांगायचं तर मलाही पटलं, आणि त्याचा मला अजून राग येतो.

महिनाभरात पंजा पुन्हा पडला. आई म्हणाली, देव पारख करतोय, अर्ध्यावर सोडलं तर कोपेल. मग उरलेले अकरा दिवस मी आबांचं मनगट धरलं, त्यांची बोटं शेंदरात बुडवली आणि दगडावर फिरवली.

नवस फिटल्यावर डॉक्टरांनी आबांच्या नखांतला रंग पाहिला. कुठला ते विचारून घेतलं. मग म्हणाले, "शेंदरात शिसं असतं, ते पुलावरचं काय न् देवळातलं काय. आता हा हात असाच राहायचा."

तेव्हापासून आबा डाव्या हातानं जेवत आणि कुणाच्या पंगतीला जात नसत. मी माहेरी असताना कुणी पाहुणा आला, की त्याला कौतुकानं सांगत, "ह्या पोरीनं हात धरला, म्हून नवस फिटला." मी चहा टाकायला आत जायची.