करदोट्यातलं घुंगरू

नातवाचे नवे बूट चालताना चूं चूं वाजतात आणि मला आमच्या नवेगाव बांधच्या घरातलं घुंगरू आठवतं. घर तलावाच्या काठालाच होतं. धाकटा भाऊ नुकताच चालायला लागला होता, म्हणून आईने बैलाच्या माळेतलं एक घुंगरू त्याच्या करदोट्यात ओवलं होतं. ती धान कांडायची आणि कान घुंगराकडे ठेवायची. एका दुपारी ते तलावाच्या बाजूने वाजलं. आईने मुसळ टाकलं आणि आम्ही दोघी धावलो. काठच्या लव्हाळ्यात घुंगरू एकदा खुळखुळलं आणि बंद पडलं. पाण्यावर काहीच हलत नव्हतं. आई लुगड्यासकट छातीभर पाण्यात शिरली. लव्हाळा बाजूला सारून आईने जे वर उचललं ते आमचं करडू होतं, गळ्यात घुंगरू बांधलेलं. घरी भाऊ खाटेवर गाढ झोपला होता. बाबा म्हणाले, "कूस बदलली का वाजून राहिलं होतं. पोरगा उठला असता, म्हणून काढलं. करडूही हरपते ना, मंग त्याले बांधलं." आईच्या लुगड्यातून पाणी गळत होतं. "आता तुमच्याच गळ्यात बांधतो," ती म्हणाली. मी हसले. ती मात्र बें बें करणाऱ्या करडाच्या गळ्यातली गाठ सोडायला लागली होती. बूट वाजत असले तरी मी हातातलं काम टाकून पाहून येते, आत पाय कोणाचे आहेत ते.