बारशाला जाणाऱ्या विमानाचं हवामान

कॅप्टननं सही करून कागद परत दिला, तो गेला, आणि मग माझं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे गेलं. माझा वेळेचा हिशेब चुकला होता.

बहरीनच्या विमानतळावर मी डिस्पॅचर होतो. उड्डाणाआधी हवामान वाचून कॅप्टनला सांगणं हे माझं काम. ते रिपोर्ट सांकेतिक असतात. ‘टेम्पो १०१२ टीएसआरए’ म्हणजे दहा ते बारा अधूनमधून गडगडाटी पाऊस. वेळ जगभर एकच, ग्रिनिचची. बहरीनच्या वेळेतून तीन तास वजा करायचे, इतकं साधं.

माझं मनगटी घड्याळ मात्र भारताच्या वेळेवर असे. आमच्यातल्या बऱ्याच जणांचं असायचं. आता घरी जेवणं चालली असतील, असं बघायला बरं वाटतं. त्या जुलैत तर मी सारखा मनगटाकडेच बघत होतो. दुसऱ्या दिवशी पुण्यात माझ्या मुलीचं बारसं होतं. माझ्यासाठी दोन महिने लांबवलेलं. तिला मी अजून पाहिलं नव्हतं. ज्याचं हवामान मी वाचलं, त्याच मुंबईच्या विमानानं निघणार होतो, स्टाफ तिकिटावर, म्हणजे जागा उरली तर.

विमान लेट झालं. नवी वेळ काढताना मी मनगटावरच्या घड्याळातून तीन तास वजा केले. अडीच तासांची चूक. “पोचेपर्यंत पाऊस ओसरेल,” असं कॅप्टनला सांगून मोकळा झालो. खरं तर विमान भर पावसात मुंबईवर पोचणार होतं. उतरायला मिळेपर्यंत वर घिरट्या घालायच्या तर जादा इंधन हवं.

शेजारी लोड शीट, म्हणजे विमानातल्या वजनाचा हिशेब, करणारे रत्नागिरीचे कादरभाई होते. त्यांना सांगितलं.

“जादा इंधन घेतलं तर वजन कापावं लागेल,” ते म्हणाले. “ह्या उन्हात विमान एवढं उचलणार नाही. आधी स्टँडबायवाले उतरतील. तू पण.”

“माहीत आहे.”

“राखीव इंधन आहे ना? सही झाली, खलास. घरी जा बाबा.”

खोटं कशाला सांगू, मिनिटभर मला ते पटलं. मुलीच्या मुठी केवढ्या असतील, एवढंच मनात होतं. मग कागद घेऊन विमानाकडे धावलो.

कॅप्टननं दोन टन इंधन वाढवलं. “स्टँडबाय किती?”

“तीन, सर.”

“सॉरी फॉर देम.”

त्यातला एक मी होतो.

संध्याकाळी मेसेज आला. मुंबईवर चाळीस मिनिटं घिरट्या घालून विमान सुखरूप उतरलं होतं.

मुलीचं नाव मला दुसऱ्या दिवशी फोनवर कळलं. मागे बायका पाळणा म्हणत होत्या आणि ती रडत होती. तिचा आवाज तेव्हा पहिल्यांदा ऐकला. फोन ठेवावासा वाटेना.

नंतर नव्या पोरांना शिकवताना मी एक नियम सांगायचो. ज्या विमानानं आपल्याला घरी जायचंय, त्याचं हवामान दुसऱ्याला वाचू द्यावं.