जॉयसचा बाजा

दर गुरुवारी दुपारी दोनला मीनाक्षी पबच्या मागच्या खोलीत यायची, खुर्चीखाली बूट काढून ठेवायची आणि मगच खोक्यातला कॉन्सर्टिना, म्हणजे दोन हातांत मावणारा भात्याचा बाजा, बाहेर काढायची. दोन्ही हातांनी उचलून आधी कपाळाला लावायची. फिडल, मेलोडियन, शिटी आणि डफ घेऊन बसलेल्या मंडळींना पहिल्यांदा नवल वाटलं होतं.

"मी डक, ते कार्पेट चिकट आहे गं," डेरिक म्हणाला होता.

नॉटिंगहॅमकडे कुणालाही मायेनं 'मी डक', म्हणजे 'माझ्या बदका', म्हणतात. मिरजेहून नर्स म्हणून आली तेव्हा वॉर्डातले म्हातारे तिला असंच म्हणायचे, आणि ही माणसं स्वतःला बदक का म्हणवून घेतात, हे कोडं तिला महिनाभर सुटलं नव्हतं.

बाजा मुळात डेरिकच्या बायकोचा, जॉयसचा. जॉयस म्हणजे मीनाक्षीची कुंपणापलीकडची शेजारीण. कुंपणावरून रुबार्बचे आंबट देठ इकडे यायचे, कोथिंबिरीच्या वड्या तिकडे जायच्या. जॉयस आजारी पडली तेव्हा ड्यूटीवरून येताना मीनाक्षी तिच्यापाशी बसायची. "तुझे वडील पेटी वाजवायचे ना? मग बोटं लाव की," असं म्हणत जॉयसनंच तिला शिकवलं. एकच बटण, पण भाता दाबला की सा आणि ओढला की रे. मीनाक्षीला हसू फुटायचं. पण त्यांच्या जिग नावाच्या नाचाची चाल म्हणजे घरचाच दादरा, सहा मात्रांचा. ती बोटांत लवकर बसली. जॉयस गेली, आणि डेरिकनं बाजा तिच्या हातात ठेवला. "पडून राहिला तर मुका होईल," एवढंच म्हणाला.

आता मे महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी गावच्या हॉलमध्ये नाच होता. तीस वर्षं पहिली धून जॉयस सुरू करायची आणि डेरिक मधे उभा राहून नाचाच्या चाली ओरडून सांगायचा. यंदा धून मीनाक्षीनं धरावी, असं त्यानंच ठरवलं होतं.

आणि तिथंच घोडं अडलं. एकटी वाजवताना ठीक असायचं. पण सरावाला चार जोडपी नाचायला उभी राहिली की धून हळू हळू होत जायची. तिसऱ्या फेरीला माणसं एक पाय उचलून ताटकळत उभी.

"तू त्यांची वाट बघतेस आणि ते तुझी," डेरिक म्हणाला.

फिडलवाला कॉलिन तोंडाचा फटकळ. "आज रात्रीच्या जेवणापर्यंत संपेल ना ही जिग?"

मीनाक्षीही हसली, पण कानशिलं तापली. चूक तिला ठाऊक होती. अण्णांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, लहानपणापासून हाडात मुरवलं होतं: साथ म्हणजे गाणाऱ्याच्या मागून चालणं. त्यानं श्वास घेतला की थांबायचं. आपला सूर पुढं गेला तर तो उद्धटपणा. इथल्या मराठी मंडळाच्या भजनांना ती वीस वर्षं तशीच साथ करत आली होती. नाचणाऱ्यांचा पाय अडखळला की तिचा भाता आपोआप थांबायचा.

त्या दिवशी निघताना डेरिकनं तिला बाजूला घेतलं. "पुढच्या गुरुवारीही असंच झालं, तर मॅन्सफील्डहून एक जण बोलवावा लागेल. आणि मीनाक्षी, बाजा मग त्याच्याकडे जाईल. वाजवणाऱ्याकडेच राहावा, असं जॉयस म्हणायची."

"बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली. इंग्रजीत तू-तुम्ही एकच, पण मनात ती त्याला तुम्हीच म्हणायची. बसमधून घरी येईपर्यंत खोकं तिनं मांडीवरून खाली ठेवलं नाही.

संध्याकाळी देवाजवळ दिवा लावला. गुरुवारची दत्ताची आरती. एका हातात निरांजन, दुसऱ्यात घंटा, आणि मागे टाळ्या वाजवत तिची मुलगी ऋजुता. ती इथंच जन्मलेली.

"आई, वेट करायचं ना!" आरती संपताच ऋजुता धापा टाकत म्हणाली. "तू आमच्यासाठी कधीच थांबत नाही. आरतीत तू एकदम ट्रेन असतो!"

"असतेस," मीनाक्षी सवयीनं म्हणाली, आणि हातातली घंटा तशीच राहिली. "काय म्हणालीस? मी थांबत नाही?"

"नेव्हर! गणपतीला पण. सगळे अंकल लोक तुझ्या मागे धावत असतात."

खरंच होतं. आरतीत ती कुणाच्या तोंडाकडे बघतच नसे. देवाकडे बघायची, आणि मागचे आपसूक येत राहायचे. त्यात उद्धटपणा आहे असं अण्णाही कधी म्हणाले नव्हते. तिनं दत्ताला पुन्हा हात जोडले. या वेळी जरा जास्तच वेळ.

पुढच्या गुरुवारी तिनं नाचणाऱ्यांकडे बघितलंच नाही. खोक्याच्या झाकणाला आतून जॉयसचा फोटो चिकटवलेला होता, त्याच्यावर नजर ठेवली. फेरी सरळ शेवटापर्यंत गेली. कॉलिननं भुवया उंचावल्या. डेरिक म्हणाला, "शनिवारी बघू."

शनिवारी हॉल भरला होता. मीनाक्षीनं बूट काढले, बाजा कपाळाला लावला आणि धून धरली. फिडल आली, डफ आला. पहिली फेरी छान झाली. दुसऱ्या फेरीत, माणसं रांगेतून पुढं यायची होती, आणि डेरिकचा आवाज बंद पडला. हातात माईक, तोंड उघडं, डोळे भरलेले. त्याची नजर मीनाक्षीच्या खुर्चीवर गेली होती, आणि तीस वर्षं ती जागा जॉयसची होती.

मीनाक्षीचा भाता आखडायला लागला. बिचाऱ्याला श्वास तरी घेऊ दे, असं सगळं अंग सांगत होतं. तिनं फोटोकडे बघितलं आणि भाता दाबला. थांबली नाही. धूनच माणसांना पुढं घेऊन आली. पाय चुकले, कुणीतरी कुणावर आपटलं, हशा पिकला, रांग पुन्हा जुळली. तिसऱ्या फेरीच्या पहिल्याच मात्रेला डेरिकचा आवाज परत आला, घोगरा पण वेळेवर.

नाच संपल्यावर तो तिच्याजवळ आला. "थांबली नाहीस माझ्यासाठी."

"नाही थांबले."

"थांबली असतीस तर मला पुन्हा सुरू करता आलं नसतं." आणि वाकून त्यानं खुर्चीखालचे तिचे बूट काढून समोर ठेवले.

"अहो, नका हो!" मीनाक्षी घाबरून मराठीतच ओरडली. ऐंशीच्या घरातला माणूस आपल्या चपलाबुटांना हात लावतो म्हणजे काय!

त्याला कळलं नाही. "तिसरं बटण ओढताना अडकतंय, मला ऐकू आलं. घरी नेऊन बघ जरा."

"घरी? माझ्या?"

"मग कुणाच्या, मी डक?"