लेकीच्या हाताचं माप

तानुबाईच्या तोंडाला लागायची छाती गावात कुणाची नव्हती. माया होती, नाही असं नाही. पण ती बाहेर पडायची ती रागाच्याच वाटेनं. नवरा तापानं फणफणला, की "पावसात भिजाले कोनं सांगतलं व्हतं?" म्हणून त्याला झापायची आणि दोन दिवस त्याच्या उशाशी बसून राहायची.

एकोणीसशे अठ्ठावीसच्या दिवाळीला तिची लेक कौशल्या मेहकराहून माहेरी आली. लग्नाला दीड वर्ष झालेलं. चौथ्या दिवशी दीर न्यायला येणार होता. पोरगी वाळली होती, बोलत नव्हती. आज विचारू, उद्या विचारू करत तानुबाई तिला फराळ वाढायची आणि सांडला म्हणून तिच्यावरच ओरडायची.

तिसऱ्या दिवशी पुंजाजी कासार ओसरीवर येऊन बसला. सासरी जाताना लेकीचे हात भरायचे, ही रीतच. शेजारणीही जमल्या. लग्नात अडीचची बांगडी चढवताना त्यानं कौशल्याचा हात चोळून चोळून लाल केला होता. आता तेच माप सरळ वर गेलं आणि हात खाली होताच निसटून तिच्या मांडीवर पडलं.

"माप खोटं हाय तुमचं, पुंजाजीभाऊ!" तानुबाई खेकसली.

"माप तेच हाय बाई," कासार म्हणाला. "पोरीचा हातच उतरला."

 तिकडं पोटभर जेवू देतात का गं तुला, एवढंच तानुबाईला लेकीला विचारायचं होतं. पण शेजारणी कान टवकारून बसलेल्या. ती म्हणाली, "जेवाचे नखरे हायेत तिचे. लहानपनापासून असेच." कौशल्यानं मान खाली घातली. पुंजाजीनं लहान मापाच्या बांगड्या काढल्या.

असलं बोलणं तानुबाईनं स्वतः ऐकलं होतं. पंचवीस वर्षांपूर्वी ती भाजलेला हात घेऊन माहेरी आली, तेव्हा तिची आई सुभद्राबाई म्हणाली होती, "चुलीपाशी ध्यान कुठं व्हतं तुयं?" सासूनं तापली पळी टेकवली होती. ते सांगायला ती आईच्या मागंमागं फिरली आणि आई तिला कापूस वेचायला पाठवत राहिली. आई मेली, पण तिच्यावरचा राग काही मेला नाही. आणि आज तेच तोंड आपल्याला फुटावं? खाण तशी माती! तानुबाईला स्वतःचाच संताप आला.

दुसऱ्या दिवशी दीर बैलांची दमणी घेऊन आला. तानुबाई गाडीबरोबर वेशीपर्यंत चालत गेली. तिथं दीर पारावर कुणाशी तरी बोलायला उतरला. मायलेकी दोघीच उरल्या. आता विचार, तानुबाईनं स्वतःला बजावलं, आता नाही तर कधी? तिनं गाडीचं लाकूड धरलं, तोंड उघडलं.

"करंज्या वर ठेवल्या हायेत. दाबजो नको, भुगा होईन."

कौशल्या तिच्याकडं बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "माय, तू इचारशीन म्हून मी चार दिस वाट पाह्यली व."

"मंग तोंड शिवलं व्हतं काय तुयं?" तानुबाई कडाडली. आपण काय बोललो ते कळेपर्यंत दीर गाडीवर चढला होता. त्यानं कासरा उचलला.

"येतो, माय," कौशल्या म्हणाली आणि तिनं पदर पुढं ओढला.

बैल चालू लागले. तानुबाईनं गाडीचं लाकूड धरलेलंच होतं. दहा-बारा पावलं ती तशीच गाडीबरोबर ओढली गेली, आणि मग तिला ते सोडावं लागलं.